लेकीच्या घरचं पाणी

नानांनी रिकामी बाटली हौदाच्या नळीखाली धरली, ती भरेपर्यंत शांतपणे इकडेतिकडे पाहिलं आणि मग उभ्याउभ्याच अर्धी बाटली घटाघटा रिचवली. मफलरच्या टोकाने तोंड पुसत ते म्हणाले, "ग्वाड हाय गं पाणी. आणि गार कसलं."

"माझ्या घरचं पण गोडच आहे," मी म्हणाले. "तेच पाणी आहे, नाना. माझ्या नळाला काही वेगळं येत नाही."

"येत नसंल की," नाना म्हणाले आणि बाटली पुन्हा नळीखाली धरली.

झुरिकच्या जुन्या गावात लिंडेनहोफ नावाची टेकडी आहे. वर मोठमोठी झाडं, खाली नदी, पलीकडे दोन मनोऱ्यांचं चर्च. लोक तिथे फोटो काढायला येतात. आमच्या शेजारी एक जपानी जोडपं तेच करत होतं. टेकडीवर दगडी हौद आहे, त्यावर चिलखत घातलेल्या बाईचा पुतळा. त्या बाईची गोष्ट मी आदल्या रात्री वाचून ठेवली होती, नानांना सांगायची म्हणून. त्यांनी पुतळ्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. माझे वडील तिथे पाणी प्यायला आले होते.

त्यांना येऊन दुसरा दिवस होता, आणि माझ्या घरात त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

आमच्याकडे जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. का, ते कुणी धड सांगत नाही. लेक दिलेल्या घरचं खाऊ नये म्हणतात, लेकीवर भार नको म्हणतात. नातवंड झालं की सगळं माफ, मग आजोबा खुशाल महिनाभर येऊन राहतात. माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पुण्यात होतो तोवर हे निभावून गेलं. काकांचं घर दोन चौक पलीकडे होतं. आई-नाना मिरजेहून आले की माझ्याकडे गप्पा मारायला यायचे आणि जेवायला तिकडे जायचे, आई तर पाण्याचा तांब्यासुद्धा काकूकडून भरून आणायची. मी हसण्यावारी न्यायचे. आई गेल्यावर नाना कुठे जायचेच बंद झाले, मग प्रश्नच मिटला. झुरिकला काका नव्हते.

बरं, हे पथ्य पाळणारा माणूस कोण, तर मल्लिकार्जुन तोडकर. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमची लिंगायत खानावळ होती. पेशंटचे नातेवाईक, शिकाऊ डॉक्टर, कर्नाटकातून गाडी करून आलेली माणसं, सगळी आमच्याकडे जेवायची. नाना खांद्यावर पंचा टाकून पंगतीतून फिरायचे. कुणी "नको" म्हणाला की त्याच्या ताटात हटकून एक भाकरी जास्त पडायची. उभा जन्म लोकांना आग्रह करण्यात गेलेला माणूस माझ्या दारात येऊन "नको" म्हणत होता, आणि मला आग्रह करायची सोयही ठेवत नव्हता.

आले त्या संध्याकाळी मी भरलं वांगं, झुणका, कटाची आमटी, पोळ्या आणि भाकरी असा बेत केला होता. ज्वारीचं पीठ मिळवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आले होते. नाना हातपाय धुऊन बाहेर आले, टेबलाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की मला वाटलं, बसतील आता. मग म्हणाले, "विमानात लई घातलं गं त्यांनी. पोट गच्च हाय."

"थोडंसं तरी, मामा," महांतेश म्हणाला. महांतेश माझा नवरा, निपाणीचा; तिकडे सासऱ्यांना मामा म्हणतात.

"उद्या बघू की, जावईबापू."

नाना त्यांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि पाचच मिनिटांत आतून कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला. पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी ती. महिनाभर टिकते, प्रवासाला बरी पडते, पण चोरून खायचा पदार्थ नव्हे. कटकट, कटकट. मी आणि महांतेश ताटावर बसून ऐकत होतो.

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं," मी म्हणाले.

"जाऊ दे गं. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुला काय जातंय म्हणायला."

त्याने आमटीची वाटी पुढे ओढली. त्या दिवसांत तो माझ्याशी जरा जपूनच बोलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपीट आणि चहा पुढे ठेवला, तर म्हणे उपास आहे. "आपला तर सोमवार. मंगळवारचा कसला उपास?" मी विचारलं. "हाय एक," नाना म्हणाले. आणि लगेच, "चल, तळं दाव की मला. त्याच्यासाठी तर आलोय." मी उपीट डब्यात भरलं, तो डबा फ्रीजमध्ये आपटला आणि कोट चढवला.

आता झुरिकबद्दल एक गोष्ट मला माहीत होती, ती नानांना कळायला नको होती. ह्या गावात पावलापावलाला हौद आहेत. चौकात, गल्लीत, चर्चसमोर, कुठेही. दगडाचं टाकं, त्यावर पितळी नळी, आणि रात्रंदिवस वाहणारं पाणी, कुणीही प्यावं असं. नाना ट्राममधून उतरले तेव्हा समोरच एका बाईने कुत्र्याला पाजलं आणि मग स्वतः ओंजळीने प्यायली.

"हे कुणाचं पाणी?" नानांनी विचारलं.

"कुणाचं म्हणजे? गावाचं. म्युन्सिपालटीचं."

"म्हंजे सरकारी," नाना म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर आल्यापासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

तिथून पुढे माझ्या वडिलांनी झुरिक शहर जे पाहिलं ते ह्या हौदावरून त्या हौदावर. मी त्यांना जुन्या चर्चच्या रंगीत काचा दाखवायला नेलं. पाच मिनिटं डोळे भरून पाहिल्या, आणि बाहेर आल्यावर "इथं जवळ कुठं हाय का?" दुसऱ्या चर्चवर युरोपातली सगळ्यात मोठी म्हणावी अशी घड्याळाची तबकडी आहे. "काटा केवढा गं," म्हणाले, आणि लगेच खालच्या हौदाकडे वळले. घड्याळांच्या दुकानांचा तो श्रीमंत रस्ता आम्ही दोन मिनिटांत उरकला, कारण त्यांना टोकाला पाण्याचा आवाज आला होता. पाणी प्यायचं, बाटली भरायची, पुढे. मी मागून पर्स सांभाळत.

शेवटी तळं आलं. एप्रिल नुकता लागला होता, ऊन होतं पण वारा बोचरा. पलीकडच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसत होते. नानांची माकडटोपी भुवयांपर्यंत आली होती. ते कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले.

"मोठं हाय," ते म्हणाले.

"मिरजेच्या तळ्यापेक्षा?"

"मोठं हाय. पण कडंला भेळवाला न्हाई."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. आम्ही बाकावर बसलो. नानांनी पिशवीतून धडप्यात बांधलेली कडक भाकरी काढली, वर शेंगाची चटणी, आणि मोडून निम्मी माझ्यापुढे धरली. राजहंस लगेच पुढ्यात येऊन उभे राहिले.

"घे."

"मला नको."

"उपाशी ऱ्हाशील."

"तुम्ही माझं खाणार नाही, मग मी तुमचं का खाऊ?"

"बापाचं खायला कसली गं आडकाठी? लेकीनं बापाचं खावंच."

"आणि आज तुमचा उपास होता."

"ते सकाळी," नाना म्हणाले.

मी खाल्लं. भूक लागली होती, आणि चटणी आमच्या खानावळीतली होती, ती आता चालवणाऱ्या भावाच्या हातची. घरी फ्रीजमध्ये वांगं होतं, झुणका होता, सकाळचं उपीट होतं. मी त्या गार वाऱ्यात बसून महिन्याभरापूर्वीची भाकरी चावत होते आणि मनातल्या मनात मल्लिकार्जुन तोडकरांना वाट्टेल ते बोलत होते. एका तरी जेवणाला त्यांना माझ्या टेबलाशी बसवायचंच, हे मी तिथे ठरवलं. दुसरं काही मला त्यांच्याकडून नको होतं.

बुधवारी मी डाव टाकला. थर्मासमध्ये घरून चहा नेला आणि कागदी पेला विकत घेऊन, ते एका दुकानाच्या खिडकीपुढे उभे असताना, कोपऱ्यावर ओतला.

"घ्या. गरम चहा. त्या समोरच्या दुकानातला."

नानांनी पेला नाकाशी नेला.

"आलं घातलंयस."

"त्यांनी घातलं असेल."

"आणि गवती चहा बी त्यांनीच घातला?" नानांनी पेला हलकेच माझ्या हातात परत दिला. "तू पी. तुला गारठा सोसत न्हाई."

ज्याची हयात चुलीपुढे गेली त्याला चहाने फसवायला निघाले होते मी. तो चहा मीच प्यायले. नाना पलीकडच्या हौदावर गेले.

दुपारी त्यांनी मला हॉटेलात जेवायला घातलं. हो, त्यांनीच. स्वतःच्या खिशातून पैसे मोजून. हॉटेलात त्यांना चालत होतं, कारण ते हॉटेल माझं नव्हतं. किसलेल्या बटाट्याची ती जाड धिरडी आली, नानांनी चार घास खाल्ले, "मीठ-तिखट कायच न्हाई" म्हणाले, आणि माझ्या बशीत आणखी वाढायला लावलं. परदेशात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, चाळिशीला आलेल्या मला ते लहान पोरीसारखं भरवत होते. मी जेवढं जेवत होते तेवढी पेटत होते.

संध्याकाळी त्यांना खोकला लागला. लागणारच. दोन दिवस बर्फासारखं पाणी आणि तळ्यावरचा वारा. मी तुळस, मिरी घालून काढा केला. नानांनी हात जोडले.

"नाना, हे औषध आहे."

"व्हय की. पण पाणी तुझंच न्हवं?"

"मग तुमच्या बाटलीतलं घेते. हौदाचं. तेच उकळून देते."

नानांनी ह्याचा खरंच विचार केला. मान थोडी डोलली. मग म्हणाले, "शेगडी तुझीच की."

मी काढा मोरीत ओतला. महांतेश हॉलमधून सगळं ऐकत होता. मी बाहेर आले तर म्हणाला, "त्यांच्या मनाविरुद्ध कशाला करतेस? त्यांना बरं वाटेल तसं राहू दे ना." मी त्याला म्हटलं, "आणि मला बरं वाटायचं काय?" रात्रभर पलीकडच्या खोलीतून खोकला ऐकू येत होता, आणि सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

गुरुवारी मी काही रांधलंच नाही. आदल्या दोन दिवसांचं काढून टाकलं, भांडी घासून पालथी घातली, आणि नानांना म्हणाले, "चला, बोटीत बसू." खोकल्याने त्यांचा आवाज बसला होता. धक्क्याजवळच्या हौदावर त्यांनी सवयीने बाटली काढली आणि मी काही बोलायच्या आत परत पिशवीत ठेवली.

बोट निघाली. आत गर्दी होती, म्हणून आम्ही मागच्या बाजूला उघड्यावर बसलो. दोन्ही काठांवर द्राक्षांचे मळे, छोटी घरं, घंटा वाजवणारी चर्चं. फार सुंदर होतं. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. एक बाई ट्रे घेऊन कॉफी विकत आली. नाना खिशात हात घालून "दोन" म्हणाले, तेव्हा माझा बांध फुटला.

"नाना, मला मूल झालंच नाही तर?"

कॉफीवाल्या बाईने दोन पेले ठेवले, पैसे घेतले आणि ती गेली. नाना पाण्याकडे बघत होते.

"तर तुम्ही कधीच माझ्याकडे जेवणार नाही, असंच ना? मी सत्तर वर्षांची झाले तरी नाही?"

"असं बोलू नगं, गिरजा."

"मग कसं बोलू? तीन दिवस तुमच्यामागे हौदावरनं हौदावर फिरतेय मी. रस्त्यातल्या कुत्र्यांबरोबर पाणी पिता आणि माझ्या हातचं नको. रोज सकाळी उठून मला तोंडावर सांगितल्यासारखं होतं, की तुझं काही झालं नाही, तुझं घर अजून घर झालं नाही. लोक बोलतात ते मी ऐकून घेते. सासरचे बोलले, ऐकून घेतलं. तुम्ही न बोलता बोलताय."

माझा आवाज चढला होता. पुढच्या बाकावरचं म्हातारं जोडपं वळून पाहून पुन्हा सरळ झालं. नाना खोकले. मग म्हणाले, "मी तुझ्यापायीच जेवलो न्हाई."

"म्हणजे काय?"

"शिमग्याच्या आधी महांतेशरावांचा फोन आलता." त्यांनी कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हते. "म्हनाले, मामा, ह्या खेपेला बी न्हाई झालं. इंजेक्शनं घेऊन घेऊन पोरगी थकली. बोलत न्हाई, हसत न्हाई. तुम्ही येऊन जावा. आणि म्हनाले, मे महिन्यात शेवटचं एकदा बघणार हाय."

महांतेशने हे मला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, नानांना आई गेल्यापासून पहिल्यांदाच कुठे जावंसं वाटलं, तळं बघावंसं वाटलं. मी मैत्रिणींना तसं सांगितलंही होतं.

"आता तूच सांग," नाना म्हणाले. "हे सगळं मला ठावं. आणि आल्या आल्या मी तुझ्या ताटावर बसलो असतो, तर तू काय समजली असतीस? एवढी वर्षं बाप थांबला, आणि आज जेवला. म्हंजे बापानं आस सोडली. असं न्हाई वाटलं?"

हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"आपल्या खानावळीत दवाखान्यातली माणसं यायची. मी कवा कुणाला विचारलं का, तुमचा पेशंट कसा हाय म्हणून? कवाच न्हाई. विचारलं की त्याला सांगावं लागतंय. तोंडानं सांगितलं की ते खरं व्हतंय. त्यापरीस आपण भाकरी वाढावी." त्यांनी पेला मांडीवर टेकवला. "तुझ्याकडं मी जेवलो असतो तर ते विचारल्यागत झालं असतं. मे महिन्याच्या आधी मला ते करायचं नव्हतं. वांगं बघून जीव लई तुटला गं. वासावरनं कळलं, तुझ्या आईचाच मसाला घातलायस."

तीन दिवसांचा सगळा राग घेऊन मी तिथे बसले होते, आणि तो कुठे ठेवू ते कळत नव्हतं. बोट एका धक्क्याला लागली. माणसं उतरली, चढली, दोरी सोडली. मी रडत होते, आणि नाना मला गप बस म्हणत नव्हते.

"आस मीच सोडलीय, नाना," मी शेवटी म्हणाले. "तुम्ही सोडा-न सोडा. मे महिन्यात मी जाणार नाही. ते दवाखाने, त्या सुया, ते फोनची वाट बघणं, मला आता नको झालंय. मागच्या खेपेलाच मी ठरवलं. पण महांतेशने तारीख घेऊन ठेवली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना."

"त्यांना ठावं न्हाई?"

"कुणालाच नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय."

"रागानं बोलायलीस का?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

गार झालेली कॉफी नानांनी एका दमात पिऊन टाकली, तोंड वाकडं केलं, आणि पेला बाकाखाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनाही नातवंड हवं होतं, हे तेव्हा मला दिसलं. इतके दिवस मी फक्त माझ्यापुरतंच बघत होते.

"मग घरी चल," ते म्हणाले. "काय केलंयस?"

"काहीच नाही. आज रागाने काही केलंच नाही. भांडी पालथी घालून आलेय."

नाना हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "मग आता कर की. मी थांबतो. मला कुठं जायचंय?"

बोट तळ्यातून वळून परत यायला आणखी बराच वेळ लागला, आणि आम्हाला काही उडी मारता येत नव्हती. नानांनी त्या वेळात मला काठावरचं एकेक घर दाखवलं. कुणाच्या दारात किती लाकूड रचलंय, कुणाचं कुत्रं किती मोठं आहे. मीही मान वर करून बघितलं.

घरी येऊन मी पीठ मळायला घेतलं. नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, खानावळीत भटारखान्याच्या दारात उभे राहायचे तसे. मी पिठलं टाकलं, तव्यावर भाकरी टाकली. ती फुगली तेव्हा ते "हं" म्हणाले. मी ताट केलं, टेबलावर ठेवलं आणि तांब्या-भांडं नळाखाली धरून पाण्याने भरलं.

नाना खुर्चीशी आले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिले.

"बघ हं, गिरजा. एकदा बसलो की बसलो. मग मागं फिरता यायचं न्हाई. तुला अजून वाटत असंल, तर तसं सांग. मी आणखी धा वर्षं हौदाचं पाणी पितो, मला काय धाड भरत न्हाई."

"बसा," मी म्हणाले.

नाना बसले. आधी त्यांनी पाणी घेतलं. भांडं वर उचलून, तोंडाला न लावता, घोट घोट सगळं संपवलं आणि रिकामं भांडं खाली ठेवलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. मान खाली घालून जेवत राहिले. मी समोर बसले, माझ्या हातांना अजून पीठ होतं.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. महांतेश त्या दिवशी ऑफिसातून लवकर आला होता. "आलो गं," म्हणत तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला, एक बूट काढला, आणि वर बघितलं. टेबलाशी मामा बसले होते. समोर ताट होतं, हातात घास होता.

निपाणीच्या घरात वाढलेला माणूस तो. त्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती. एका पायात बूट, एका पायात मोजा, असा तो तिथेच उभा राहिला. नानांचा हात ताटातच थांबला. महांतेशने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

तो न्हाणीघरात गेला. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला. मी उठायला लागले तर नानांनी डाव्या हाताने मला खाली बसवलं. "त्यांना ऱ्हाऊ दे जरा," ते म्हणाले. "ताट कर त्यांचं."

मी ताट केलं. नळ बंद झाला. महांतेश बाहेर आला, तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. तो माझ्या शेजारी बसला.

"मला सांगायचं होतंस," तो हळूच म्हणाला.

"सांगता येत नव्हतं."

त्याने भाकरी हातात घेतली, मोडली नाही. खाली रस्त्यावरून एक ट्राम गेली. नानांच्या ताटातलं पिठलं संपत आलं होतं, आणि उठावं की बसावं हे न कळल्यासारखे ते उरलेल्या तुकड्याशी चाळा करत होते. महांतेशने हातातली भाकरी खाली ठेवली, पिठल्याचं पातेलं ओढलं आणि उभा राहून नानांच्या ताटावर वाकला.

"मामा, अजून घ्या की," तो म्हणाला. "पहिल्यांदाच जेवताय आमच्याकडं."